मानाचा पेला

आमच्या आंबिवलीत कोणी ‘बसायचे का?’ असे विचारले, तर तो प्रश्न खुर्चीवर बसण्याचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. विहारात बसणे वेगळे, मंडळाच्या सभेला बसणे वेगळे आणि हे ‘बसणे’ वेगळे. पगार झाला की बसले. बदली झाली की बसले. मुलगा पास झाला म्हणून बसले आणि नापास झाला तरी बसले. आनंद आणि दुःख दोन्हींना एकच औषध, असा हा कारभार.

आम्ही उभयता या बसण्यातले नव्हे. लग्नात पंचशील घेतले, त्यातले पाचवेही आजवर पाळत आलो. परंतु त्यापायी मित्र तोडले, असे मात्र कधी केले नाही. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत शहाडनंतरचे आणि टिटवाळ्याच्या आधीचे आमचे स्टेशन. मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना २००९ साली बंद पडला. तोवर इथला दिवस पाळ्यांवर चालायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. अशा वस्तीत माणूस माणसाच्या आधाराने जगतो. पाणी एका नळावर भरलेले, मुले एका शाळेत घातलेली, दुखण्याखुपण्याला एकमेकांच्या दारात धावलेलो. त्यांच्यातला कोणी पितो म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवायची कशी? तेव्हा आम्ही जातो, बसतो, पोटभर खातो आणि घरी येतो. मंडळी आम्हाला ‘चकणा शाखेचे सभासद’ म्हणतात. आम्हालाही ते नाव आवडते.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक मित्र रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्या मुलाने हॉटेलचा कोर्स केला आहे आणि तो मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बारवर काम करतो. बापाच्या निवृत्तीचा समारंभ त्याने स्वतःच्या हाती घेतला. घरी येऊन म्हणाला, “काका, काकू, ही नेहमीची बैठक नाही. व्हिस्कीची चव कशी घेतात ते मी सगळ्यांना दाखवणार आहे. तुम्ही पिऊ नका, पण या. पबमध्ये जे खायला मिळते ते मी माझ्या हाताने करणार आहे.” पोर इतक्या प्रेमाने बोलले की नाही म्हणवेना. ज्या मुलाच्या पाटीवर आम्ही अक्षरे गिरवून घेतली, तो आता आम्हाला काही शिकवू पाहत होता.

इमारतीच्या गच्चीवर सहा कुटुंबे जमली. चटया, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीजवळ एक टेबल. खालून कसारा लोकल गेली की बोलणे क्षणभर थांबायचे. बायकांनी खाली स्वयंपाकघरात आणि पुरुषांनी वर, ही जुनी वाटणी त्या मुलाने पहिल्याच फटक्यात मोडली. “आज आई बसणार, मी वाढणार,” असे त्याने जाहीर केले. त्या संध्याकाळची ही पहिली चांगली गोष्ट.

खाण्याचे आधी सांगतो, कारण त्या बाबतीत आमचा अधिकार मोठा. पब हा शब्द ‘पब्लिक हाऊस’ यावरून आला, म्हणजे सार्वजनिक घर, असे त्याने सांगितले. त्यावर आमचे शिक्षक मित्र म्हणाले, “म्हणजे साहेबांचे समाजमंदिरच की!” इंग्लंडच्या पबमध्ये तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी देतात. तिथे कॉड नाहीतर हॅडॉक मासा वापरतात. याने कल्याणच्या बाजारातून ओले बोंबील आणले होते. पाटाखाली दाबून पाणी काढलेले, रवा लावून कुरकुरीत तळलेले. त्याबरोबर चणा कोळीवाडा. ‘कोळीवाडा’ नाव असले तरी हा मसाला कोळ्यांचा नव्हे. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात येऊन राहिलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हातची ती तळणी. आधी मासळी आणि कोलंबी, मग चणेही त्याच मसाल्यात गेले. घरदार गमावून आलेल्या माणसांनी कढई मांडली आणि मुंबईला एक चव दिली. कष्टकऱ्याच्या हाताला अशी बरकत असते.

मग मसाला पापड, उकडलेली अंडी, कलेजी. आणि एका वहिनींनी न सांगता आणलेला सुकटीचा ठेचा आणि तांदळाची भाकरी. खरे सांगायचे तर पबचे सगळे पदार्थ एकीकडे आणि ती सुकट एकीकडे. पहिल्यांदा तेच ताट रिकामे झाले.

बारमध्ये खारे शेंगदाणे, फुटाणे फुकट का देतात, हेही त्या मुलाने सांगितले. मिठाने तहान लागते, तहान लागली की पेला लवकर संपतो, पेला संपला की दुसरा मागवला जातो. फुकटच्या शेंगदाण्याची किंमत त्या दुसऱ्या पेल्यात वसूल होते. हे ऐकून बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांना हा हिशेब नवा नव्हता. पगाराच्या संध्याकाळी कारखान्याच्या दारात उभे राहून पाकीट ताब्यात घेणाऱ्या बाया याच वस्तीत होत्या.

आता व्हिस्कीचे. टेबलावर तीन बाटल्या होत्या. एक आपल्याकडे परमिट रूममध्ये मिळणारी नेहमीची, एक बंगळूरची आणि एक स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. पेल्यात प्रत्येकी चमचाभरच ओतली. आम्ही पिणार नव्हतो, पण ऐकायला काय हरकत? कोणत्याही गोष्टीची माहिती घेण्याने शील मोडत नाही.

सातूचे दाणे भिजवतात, मोड आणतात आणि मग वाळवतात. बाळाला नाचणीचे सत्त्व देताना आपण नाचणीला मोड आणतो, तसेच. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. ते भरडून गरम पाण्यात घालतात, गोड पाणी काढून घेतात, यीस्ट टाकून आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करतात. ही सगळी हातभट्टीचीच तत्त्वे, फक्त भांडी स्वच्छ आणि देखरेख कडक. नंतर ती ओक लाकडाच्या पिंपात भरून ठेवतात. स्कॉच म्हणवून घ्यायचे तर स्कॉटलंडमध्येच निदान तीन वर्षे पिंपात राहिली पाहिजे, असा तिथला कायदा आहे. आयला बेटावर दाणे वाळवताना पीट नावाची, दलदलीत कुजलेल्या वनस्पतींची माती जाळतात. तिचा धूर दाण्यात शिरतो. त्या पेल्याचा वास सर्वांना दिला, तेव्हा एक जण म्हणाला, “चुलीचा धूर.” दुसरा म्हणाला, “नाही रे, सरकारी दवाखाना!” मुलगा म्हणाला की दोघेही बरोबर आहेत, जाणकारही असेच वर्णन करतात.

पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत सुमारे २ टक्के, बंगळूरच्या उष्ण हवेत १० टक्क्यांच्या आसपास. तिकडचे लोक याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. शिक्षक मित्र लगेच म्हणाले, “देवदूत वगैरे काही नाही. बाष्पीभवन आहे ते. सातवीच्या पुस्तकात आहे.” गच्चीवर मोठा हशा झाला.

आणखी एक गोष्ट आम्हाला प्रथमच कळली. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच व्हिस्क्यांमध्ये मुख्य अर्क साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला असतो, त्यात थोडा सातूचा अर्क, रंग आणि वास मिसळतात. युरोपात अशा पेयाला व्हिस्की या नावाने विकू देत नाहीत. नुसत्या सातूची भारतीय व्हिस्की बंगळूरच्या अमृत कंपनीने २००४ साली थेट स्कॉटलंडमध्येच, ग्लासगो शहरात विकायला काढली. म्हणजे ज्याला आपली मंडळी ‘इंग्लिश’ म्हणून मान देतात, ती पुष्कळदा आपल्याच उसाच्या मळीची असते. बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. ६० मिलीच्या एका लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. ते बाहेर काढायला यकृताला साधारण दोन तास लागतात. लिंबू चोखा, कॉफी प्या, थंड पाण्याने अंघोळ करा, यकृत आपली चाल बदलत नाही. पव्वा म्हणजे तीन लार्ज. हिशेब वाचकांनी करावा.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते.

आमच्या मंडळीत एक मित्र असे आहेत, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी दारू सोडली. त्याआधीची त्यांची वर्षे आम्ही पाहिली आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही, प्रत्येक वस्तीत असे एक घर असते. त्या दिवशी ते कडेला, कोकम सरबताचा पेला घेऊन बसले होते. मुलाला ते लहानपणापासून प्रिय, कारण त्यांनीच त्याला सायकल शिकवली. त्याने सर्वांत चांगल्या काचेचा पेला निवडला, त्यात ती महागडी चमचाभर ओतली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. “काका, तुमचा मान पहिला. पिऊ नका, फक्त वास घ्या.”

गच्ची गप्प झाली. त्यांच्या पत्नीचा हात भाकरीवर होता तो तसाच राहिला. मित्राने पेल्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, “बाळा, तुला यातली चव कळते. मला यातला फक्त रस्ता कळतो. हातभट्टीपासून निघालो, देशीवर आलो, इंग्लिशवर गेलो. तिन्ही गाड्या एकाच स्टेशनला जातात. पेला ने. बोंबील आण, गरम असतील तर.”

मुलगा हुशार. एक शब्द न बोलता त्याने पेला उचलला, तिन्ही बाटल्या टेबलाखाली ठेवल्या आणि कढईकडे गेला. वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला. बोलणे पुन्हा सुरू झाले. ज्यांना घ्यायची होती त्यांनीही त्यानंतर टेबलाखाली हात घातला नाही.

घरी येताना रस्ताभर आम्ही त्याच एका क्षणाविषयी बोलत होतो. दारूचा आग्रह करणारा वाईट माणूस असेल तर नाही म्हणणे सोपे असते. पण मानाने, प्रेमाने, दोन्ही हातांनी पुढे केलेला पेला नाकारणे फार कठीण.

विनयपिटकात सागत भिक्खूंची गोष्ट येते, ती यासाठी आठवते. अंबतित्थ नावाच्या ठिकाणी एका भयंकर नागाचा लोकांना त्रास होता. सागत थेरांनी त्याला वश केले. त्यांची कीर्ती कोसंबी नगरीत पसरली. उपासकांना वाटले, यांचा सन्मान करावा. म्हणून घरोघरी त्यांच्यासाठी उंची मद्य तयार ठेवले गेले. भिक्षेला निघालेल्या सागतांना प्रत्येक दारात मानाचा पेला मिळाला आणि ते नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी उचलून आणले आणि भगवान बुद्धांकडे डोके करून निजवले, तर ते फिरून बुद्धांकडे पाय करून झोपले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, ज्याने नागाला वश केले तो आता साध्या पाणसापाला तरी वश करू शकेल काय? त्या प्रसंगावरून भिक्खूंसाठी मद्यपान न करण्याचा नियम घालण्यात आला. या गोष्टीत कोणीही दुष्ट नाही. सागत पराक्रमी आहेत, लोक श्रद्धाळू आहेत. पेला मानाचा आहे. तरीही माणूस वेशीत पडला.

पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. पिठापासून, तांदळापासून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले ते मेरय. त्या काळी व्हिस्की नव्हती, म्हणून ती शीलाच्या बाहेर राहते असे कोणी म्हणेल, तर त्याने त्याच शीलातला आणखी एक शब्द पाहावा. तो आहे प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. शील बाटलीचे नाव विचारत नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते, बुद्धी मंदावते. हे सहाही तोटे आंबिवलीच्या कोणत्याही गल्लीत डोळ्यांनी पाहता येतात.

आपल्या समाजात या मानाच्या पेल्याला आणखी एक बाजू आहे. आपल्या आज्या-पणज्यांना चहाच्या दुकानात वेगळी कपबशी मिळे, ती धुऊन ठेवावी लागे. आज आपली मुले मोठ्या हॉटेलात सर्वांबरोबर एका टेबलावर बसतात. तिथे कोणी जात विचारत नाही. काही तरुण म्हणतात, “काका, हातात व्हिस्कीचा पेला आला म्हणजे आपण त्यांच्या बरोबरीला आलो.” त्यांच्या मनातली कळ आम्ही समजू शकतो. पण बरोबरी त्या खुर्चीने आली आणि ती खुर्ची शिक्षणाने, नोकरीने, चळवळीने मिळाली. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला हजारो स्त्रियांच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छतेचा आणि व्यसनांपासून दूर राहण्याचा उपदेश केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याच नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या खुर्चीवर बसून कोकम सरबत मागवणारा माणूसही तितकाच बरोबरीचा असतो.

कायद्याने दारू सुटते काय, हा जुना वाद. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पुढे बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. परवान्यावाचून दारू पिता येत नाही, म्हणूनच बारला आपण अजून ‘परमिट रूम’ म्हणतो. बंदीच्या काळात चोरटे अड्डे फोफावले. बंदी सैल झाल्यावरही विषारी दारू संपली नाही. २००४ साली विक्रोळीत ८० हून अधिक आणि २०१५ साली मालवणीत १०० हून अधिक माणसे तिने मारली. मेले ते जवळजवळ सगळे हातावर पोट असलेले. उलटपक्षी, बायकांनी एकत्र येऊन आडव्या बाटलीला मत देण्याची सोयही याच राज्यात आहे. प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावे लागते आणि ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते. बायकांनी अनेक ठिकाणी अशी दुकाने बंद केली आहेत.

थोडी घेतली तर प्रकृतीला बरी, असे म्हणणारे अजून भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगाच्या ठाम कारणांत घातले. २०२३ च्या जानेवारीत संघटनेने स्पष्टच सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा ‘औषधापुरती’ हा शब्द आता सोडून द्यावा.

आमच्या दोघांत मात्र एका मुद्द्यावर एकमत नाही. एकाचे म्हणणे, जिथे बाटली आहे तिथे आपण जाऊच नये. आपल्या बसण्याने तिला प्रतिष्ठा मिळते. दुसरीचे म्हणणे, आपण गेलो नाही तर त्या अकरा वर्षांच्या मित्राशेजारी कोकम सरबत घेऊन कोण बसणार? न पिणारे सगळे उठून गेले की सोडू पाहणारा एकटा पडतो. हा वाद अजून मिटलेला नाही. पण मंडळीत मिळून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. एकदा नाही म्हटलेल्याला दुसऱ्यांदा विचारायचे नाही, ‘फक्त वास’ म्हणूनसुद्धा नाही. ताक, सोलकढी, कोकम हे चांगल्या पेल्यांत आणि सर्वांत आधी वाढायचे. जेवण उशिरा ठेवायचे नाही. लहान मुलांदेखत बाटली काढायची नाही. आणि ज्या घरी सोडलेला माणूस येणार असेल, त्या घरी बाटली आणायचीच नाही. पिणाऱ्या मित्रांनीही हे मान्य केले, हे सांगायला आनंद वाटतो. शेवटचा नियम तर त्यांनीच सुचवला.

ज्यांच्या घरी कोणी सोडू पाहत आहे, त्यांनी लाज बाळगू नये. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही होतात. तिथे नाव-गाव न विचारता माणसाला बसवून घेतात. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर घरातले कोणीतरी जावे. आमच्या मित्राबरोबर त्या दिवशी त्यांच्या पत्नी गेल्या होत्या, सकाळच्या पहिल्या लोकलने.

पुढच्या महिन्याची बैठक आमच्याकडे आहे. मुलगा बोंबील तळायला येणार आहे, वहिनी सुकट आणणार आहेत आणि सोलकढीचा नारळ खवायचे काम अकरा वर्षांच्या मित्राने मागून घेतले आहे.